इंजिनाला पेट्रोल कमी पडते तेव्हा : 'लीन मिक्स्चर'चे निदान आणि दुरुस्ती

सटाणा हे बागलाण तालुक्याचे मुख्य ठिकाण. आरम नदीकाठच्या या गावातून एक रस्ता मालेगावला जातो, एक देवळ्याला, एक नामपूरला आणि एक ताहाराबादवरून सेलबारी घाटाने पिंपळनेर-साक्रीकडे. डाळिंब, द्राक्षे आणि कांदा यांच्या व्यापारामुळे इथल्या गाड्यांना उसंत नसते. मालवाहू पिकअप बहुतेक डिझेलवर चालतात, पण व्यापाऱ्याची, शेतकऱ्याची, मास्तरांची स्वतःची गाडी पेट्रोलची किंवा गॅस किटची असते. अशा गाड्यांची एक ठरावीक तक्रार अलीकडे गॅरेजवर वारंवार येऊ लागली आहे. गाडी पूर्वीसारखी ओढत नाही, सकाळी दोन-तीनदा सेल्फ मारावा लागतो, ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर गोता खाते आणि मग उचलते, घाटात झटके देते. मिस्त्री प्लग बदलतो, कॉइल बदलतो, पेट्रोल पंप बदलतो. दोन-चार हजारांचे बिल होते आणि तक्रार तशीच राहते.

या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा एकच गोष्ट असते. इंजिनात जाणाऱ्या हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. याला धंद्यातले लोक 'लीन मिक्स्चर' म्हणतात. आपण त्याला पातळ मिश्रण म्हणू. ते ओळखायचे कसे आणि दुरुस्त कसे करायचे, हे या लेखात आम्ही सांगणार आहोत. लेख मुख्यतः गॅरेजवाल्या बंधूंसाठी आणि हा हुन्नर शिकणाऱ्या पोरांसाठी आहे. पण गाडीमालकानेही वाचला तर त्याचे नुकसान होणार नाही, उलट बिल समजून घेता येईल.

मिश्रण पातळ म्हणजे काय

शुद्ध पेट्रोलचा १ किलो पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे वजनाचे प्रमाण आहे, लिटरचे नव्हे. हवा यापेक्षा जास्त झाली की मिश्रण पातळ, कमी झाली की दाट. मात्र इंजिनाला सदासर्वकाळ १४.७ च लागते असे नाही. थंड इंजिनाला दाट लागते, कारण थंड मॅनिफोल्डमध्ये अर्धे पेट्रोल भिंतीला चिकटून बसते. पूर्ण ओझ्यावर, म्हणजे चार माणसे आणि डिकीत सामान घेऊन गाडी घाट चढते तेव्हा, साडेबारा ते तेराच्या आसपास लागते. सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने जाताना पंधरावरही काम भागते. म्हणून तक्रार ऐकताना पहिला प्रश्न 'काय होते' हा नसून 'केव्हा होते' हा असावा. थंड असताना, गरम झाल्यावर, आयडलिंगला, की चढावर? या एका प्रश्नाच्या उत्तरात अर्धे निदान असते. तो न विचारता बॉनेट उघडणारा मिस्त्री आम्हाला तरी कच्चा वाटतो.

पातळ मिश्रणाने नुकसान कसे होते, हेही समजून घ्यावे. पातळ मिश्रण सावकाश जळते. एग्झॉस्ट वॉल्व्ह उघडायची वेळ आली तरी आत जाळ चालूच असतो आणि तो वॉल्व्हच्या कडेवरून बाहेर पडतो. शिवाय ओझ्यावर जे जास्तीचे पेट्रोल जाते ते आतल्या भागांना थंडावाही देत असते. तो थंडावा गेला की वॉल्व्हची कड जळते, पिस्टनचा माथा तापतो आणि फार दुर्लक्ष केले तर पिस्टनला भोक पडते. मिश्रण पातळ होऊन स्फोट चुकू लागले, म्हणजे 'मिसिंग' सुरू झाले, तर न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो महागडा भाग वितळतो. पन्नास-शंभर रुपयांच्या पाइपची हयगय हेडच्या कामापर्यंत जाते ती अशी.

खुणा, आणि फसव्या खुणा

जुने उस्ताद प्लग काढून त्याचा रंग बघत. विटकरी-तपकिरी असला तर ठीक, काळा काजळीचा असला तर दाट, पांढरा असला तर पातळ. हा पाठ आजही शिकवला जातो, पण त्यात दुरुस्ती हवी. शिसे काढलेल्या आजच्या पेट्रोलवर आणि इंजेक्शनच्या इंजिनात चांगल्या प्लगचेही पोर्सेलिन फिकट, जवळजवळ पांढरे दिसते. त्यामुळे नुसत्या पांढऱ्या रंगावर निकाल देऊ नये. पोर्सेलिनवर काचेसारखी चकाकी आली आहे का, बारीक पुटकुळ्या किंवा ॲल्युमिनियमचे चमकते कण आहेत का, इलेक्ट्रोडच्या कडा झिजून गोल झाल्या आहेत का, ते पाहावे. हे दिसले तर आत खरोखर जास्त उष्णता झाली आहे.

दुसरी खूण म्हणजे कार्ब्युरेटरच्या गाडीत मागे येणारा 'फट्' आवाज, जणू इंजिन शिंकले. मिश्रण इतके सावकाश जळते की इनटेक वॉल्व्ह पुन्हा उघडेपर्यंत जाळ शिल्लक असतो आणि तो कार्ब्युरेटरकडे उलटतो. पण हाच आवाज इनटेकचा टॅपेट घट्ट झाल्याने किंवा टायमिंग चुकल्यानेही येतो. म्हणून आधी टॅपेट आणि टायमिंग पाहावे, कार्ब्युरेटर मागाहून.

तिसरी खूण घाटातल्या नॉकिंगची. पूर्वी चढावर इंजिन खणखणले की मिश्रण पातळ असल्याचा संशय येई. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते आणि इथेनॉलमुळे इंधनाचा ऑक्टेन वाढतो, म्हणजे नॉकिंग दबते. तेव्हा 'आवाज नाही म्हणजे मिश्रण बरोबर' हा हिशेब उपयोगाचा राहिलेला नाही. ताकद मात्र कमी होते आणि इंजिन तापते. ते लक्षात ठेवावे.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. 'वर हवा विरळ, म्हणून घाटात मिश्रण पातळ होते', असे काही जण सांगतात. ते उलटे आहे. उंचीवर हवा विरळ झाली की कार्ब्युरेटरचे मिश्रण दाट होते, पातळ नव्हे. घाटात गाडी दमते ती ओझ्यामुळे. ओझ्यावर जास्त पेट्रोल लागते आणि नेमके तेव्हाच ते पोहोचत नाही, म्हणून जो दोष सपाटीवर लपतो तो चढावर उघडा पडतो.

इथेनॉलचा हिशेब

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. आपल्या देशात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट जून २०२२ मध्ये पूर्ण झाले. २० टक्क्यांचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर येऊ लागले. २० टक्क्यांसाठी आधी २०३० साल ठरले होते, ते अलीकडे आणून २०२५ केले गेले आणि ते उद्दिष्टही गाठले गेले. उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला यात वाईट काही दिसणार नाही, आणि परकीय चलन वाचते हेही खरे आहे. आम्हाला इथे फक्त इंजिनाचा हिशेब पाहायचा आहे.

इथेनॉलमध्ये वजनाने सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन आधीच असतो. त्यामुळे १ किलो इथेनॉल जळायला ९ किलो हवा पुरते, पेट्रोलला लागते १४.७. २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला म्हणून साधारण साडेतेरा पट हवा लागते. आता समजा, गाडी जुनी, कार्ब्युरेटरची, शुद्ध पेट्रोलवर ट्युनिंग केलेली आहे. तिच्या जेटला आपल्यातून काय वाहते हे कळत नाही. ते पूर्वीइतकेच इंधन सोडते आणि हवाही पूर्वीइतकीच येते. पण या इंधनाला हवा कमी लागत असल्याने तीच हवा आता जास्त ठरते. हिशेब केला तर मिश्रण सात ते आठ टक्के पातळ होते. गाडी आधीच मायलेजसाठी पातळ ठेवलेली असेल तर हे सात-आठ टक्के तिला सरळ मिसिंगच्या हद्दीत नेतात.

इंजेक्शनची गाडी सायलेन्सरमधल्या ऑक्सिजन सेन्सरवरून हा फरक ओळखते आणि पेट्रोल वाढवते. म्हणून तिच्यात मिश्रण सांभाळले जाते. पण इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक-तृतीयांश उष्णता कमी असल्याने मायलेज घटते. नीती आयोगाने जून २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात, शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि १० टक्के इथेनॉलला जुळवलेल्या चारचाकीत ही घट ६ ते ७ टक्के धरली होती. १० टक्क्यांसाठी बनलेल्या आणि २० टक्क्यांना जुळवलेल्या चारचाकीत १ ते २ टक्के. म्हणजे मायलेज थोडे घटले म्हणून लगेच गाडी 'लीन' ठरवू नये. मायलेज घटणे वेगळे, गोता खाणे वेगळे.

इथेनॉलचे आणखी दोन गुण गॅरेजवाल्याला माहीत हवेत. एक, तो टाकीत वर्षानुवर्षे बसलेला मळ सोडवतो. तो सगळा मळ फिल्टरमध्ये आणि पंपाच्या जाळीत येऊन अडकतो. दोन, तो पाणी शोषतो. पाणी जास्त झाले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी थर बसतो. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत, विशेषतः पावसाळ्यानंतर, ही शक्यता आधी तपासावी. शिवाय जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, पंपाचा डायफ्राम आणि कार्ब्युरेटरची पॅकिंगे इथेनॉलने फुगतात किंवा कडक होऊन चिरतात.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे, याचा अंदाज घेणे सोपे आहे. १०० मिलिलिटरच्या खुणांच्या काचेच्या नळीत आधी १० मिलिलिटर पाणी घ्यावे आणि वर १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल भरावे. बूच लावून हलवावे आणि थोडा वेळ स्थिर ठेवावे. इथेनॉल पाण्यात उतरते आणि खालचा थर वाढतो. २० टक्क्यांच्या पेट्रोलला तो १० वरून साधारण २८ च्या आसपास जातो. थोडाफार फरक पडेल, पण १० टक्के की २० टक्के एवढे निश्चित कळते. हे काम उघड्यावर, जाळापासून दूर करावे.

कार्ब्युरेटरची गाडी

मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये आणि ॲम्बॅसेडरचे मे २०१४ मध्ये थांबले. पण नव्वदच्या दशकातल्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्या जपणारे लोक तालुक्यात अजून आहेत. आमच्या पाहण्यातले एक उदाहरण घेऊ. एका रोपवाटिकावाल्याची जुनी मारुती ८०० सपाटीवर बरी चाले, पण सेलबारी चढताना तिसऱ्या गिअरमध्ये झटके देऊन दुसऱ्यावर येई. सकाळी चोक बराच वेळ ओढून ठेवावा लागे. प्लग, वायर आणि डिस्ट्रिब्युटर कॅप बदलून झाली होती, फरक शून्य.

यात पहिली चाचणी फुकटची आहे. इंजिन गरम करून आयडलिंगला ठेवावे आणि चोक हळूहळू अर्ध्यापर्यंत ओढावा. चोकने हवा अडते आणि मिश्रण दाट होते. मिश्रण आधीच बरोबर असेल तर इंजिन गुदमरते. पातळ असेल तर इंजिन सुधारते, रेस वाढते, आवाज गोल होतो. या गाडीत आवाज लगेच गोल झाला. इग्निशनवर खर्च केलेला पैसा वाया गेला होता हे तिथेच स्पष्ट झाले.

आता प्रश्न राहतो तो असा : हवा जास्त येते, की पेट्रोल कमी येते? आयडलिंगला त्रास जास्त आणि वेगात कमी असेल तर बहुधा चोरटी हवा. आयडलिंग ठीक आणि ओझ्यावर त्रास असेल तर पेट्रोलची वाट बंद. दोन्हीकडे त्रास असेल तर दोन्ही असू शकते, आणि या गाडीत तसेच होते.

चोरटी हवा शोधायला व्हॅक्यूम गेज लावावे. समुद्रकाठी निरोगी इंजिन आयडलिंगला पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवते. आपल्या पठारी भागात दीड-दोन इंच कमी धरावेत. काटा स्थिर पण बराच खाली असेल तर हवा शिरते आहे किंवा टायमिंग मागे आहे. गेज नसेल तर झाडांवर पाणी मारायचा हातपंप घ्यावा आणि साबणाचे पाणी कार्ब्युरेटरच्या बुडाशी, मॅनिफोल्डच्या जोडावर, ब्रेक बूस्टरच्या पाइपावर एकेका जागी फवारावे. जिथे फवारल्यावर इंजिनाचा सूर बदलतो तिथे भेग आहे. काही ठिकाणी यासाठी पेट्रोल किंवा कार्ब्युरेटर क्लीनर फवारतात. गरम एग्झॉस्टवर तो पडला तर भडका उडतो. गॅरेजमध्ये शिकाऊ पोरे वाकून उभी असतात, म्हणून आम्ही याच्या विरुद्ध आहोत. पाण्याने काम होते.

आमच्या उदाहरणात कार्ब्युरेटरखालचे जाड पॅकिंग सुकून आक्रसले होते. नट नुसते आवळून अशी गळती थांबत नाही, उलट कार्ब्युरेटरचे बूड वाकते. पॅकिंग नवे घातले, बूड सपाट काचेवर घासून तपासले. आयडलिंग सुधारले. पण घाटातला झटका राहिलाच. मग पंपाकडून येणारा पाइप काढून बाटलीत सोडला आणि सेल्फ मारला. पेट्रोल धारेने यायला हवे होते, ते थेंबाथेंबाने आले. फिल्टर गंजाच्या चिखलाने भरला होता. टाकी धुतली, फिल्टर बदलला, पंपाचा डायफ्राम कडक झाला होता म्हणून तोही बदलला. फ्लोटची पातळी मोजली, कारण फ्लोट खाली बसलेला असला की चेंबरमध्ये पेट्रोल कमी राहते आणि सगळ्या वेगांना मिश्रण पातळ होते.

एवढे झाल्यावरच जेटचा विचार करावा. उलट क्रमाने गेले तर भेगेतून येणाऱ्या हवेला जेट मोठे करून उत्तर दिले जाते, आणि पुढे कोणी पॅकिंग बदलले की गाडी काळा धूर ओकते. सोलेक्स जातीच्या कार्ब्युरेटरच्या जेटवर छापलेला आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ११० चे जेट म्हणजे १.१० मिलिमीटर. वाहणारे पेट्रोल व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणून आठ टक्के पेट्रोल वाढवायला व्यास आठ टक्के नव्हे, सुमारे चार टक्के वाढवायचा, म्हणजे ११० च्या जागी ११५ चे जेट. इतकेच. तारेने किंवा सुईने जेट कोरणारे मिस्त्री आम्ही पाहिले आहेत. कोरलेल्या जेटचे माप कोणालाच सांगता येत नाही आणि कड खरबरीत झाल्याने पेट्रोलचा प्रवाह बिघडतो. योग्य मापाचे जेट नाशिकहून किंवा मालेगावहून मागवावे, दोन दिवस थांबावे.

शेवटी आयडलिंगचा मिक्स्चर स्क्रू. इंजिन पूर्ण गरम, एअर फिल्टर जागेवर. स्क्रू हलकेच आत घ्यावा, इंजिन डगमगू लागेपर्यंत. मग बाहेर घ्यावा, सर्वात जास्त आणि सर्वात एकसारखी रेस मिळेपर्यंत. तिथून रेसचा स्क्रू कमी करून हीच क्रिया पुन्हा करावी. पीयूसी पास व्हावी किंवा मायलेज वाढावे म्हणून हा स्क्रू आवळून ठेवण्याची सवय आहे, ती सोडावी. आयडलिंगच्या स्क्रूने रस्त्यावरचे मायलेज फारसे वाढत नाही, गोता मात्र नक्की वाढतो.

इंजेक्शनची गाडी आणि स्कॅनर

एप्रिल २०१३ पासूनच्या गाड्यांना दोष नोंदवण्याची ओबीडी-२ पद्धत सक्तीची झाली. हजार-पंधराशेच्या आत मिळणारी ब्लूटूथ डबी आणि मोबाइल एवढ्यावर पुष्कळ गाड्यांचे आकडे वाचता येतात. 'स्कॅनर नाही म्हणून कंपनीच्या वर्कशॉपला पाठवतो' हे कारण छोट्या गॅरेजने आता सांगू नये. खरी अडचण आकडा वाचण्याची नाही, त्याचा अर्थ लावण्याची आहे.

पी ०१७१ हा कोड आला की पुष्कळ जण ऑक्सिजन सेन्सर बदलतात. कोड म्हणतो 'मिश्रण पातळ आहे', आणि ही बातमी देणारा सेन्सरच असतो. बातमी वाईट आली म्हणून बातमीदाराला बदलून काय होणार? सेन्सर खरोखर खराब असू शकतो, पण ते शेवटी तपासावे.

पाहायचा आकडा म्हणजे 'फ्युएल ट्रिम'. कॉम्प्युटर ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो, ते हा आकडा सांगतो. तात्कालिक आणि दीर्घकालीन असे दोन आकडे असतात, दोन्हींची बेरीज करावी. शून्याच्या मागेपुढे पाच टक्के उत्तम, दहापर्यंत चालते. अधिक दहाच्या वर गेले की कॉम्प्युटर कशाची तरी भरपाई करतो आहे. वीस-पंचवीसच्या पुढे त्याची ताकद संपते आणि दिवा लागतो.

हा आकडा आधी आयडलिंगला घ्यावा, मग २५०० च्या रेसवर, मग रस्त्यावर चढाला. हवेचे वजन मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत आयडलिंगला अधिक अठरा आणि २५०० वर अधिक चार असे दिसले तर सेन्सरच्या पुढे कुठेतरी चोरटी हवा शिरते आहे. कारण आयडलिंगला एकूण हवाच थोडी असते, त्यात भेगेचा वाटा मोठा. रेस वाढली की तीच भेग नगण्य होते. उलट आयडलिंगला अधिक तीन आणि चढावर अधिक बावीस असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. टाकीतली जाळी, फिल्टर, पंप किंवा हवेच्या सेन्सरवर बसलेली धूळ यांच्यावर संशय घ्यावा. डाळिंबाच्या बागेतून मातीच्या रस्त्याने रोज जाणाऱ्या गाडीत ही धूळ सामान्य आहे. असा सेन्सर त्याच्यासाठी मिळणाऱ्या क्लीनरनेच धुवावा, बोट किंवा फडके लावू नये.

इथे एक बारकावा आहे आणि तोच मिस्त्रीला फसवतो. मारुतीच्या बऱ्याच जुन्या छोट्या इंजेक्शनच्या इंजिनांत हवेचे वजन मोजत नाहीत, मॅनिफोल्डमधला दाब मोजतात. अशा गाडीत भेगेतून शिरलेली हवाही दाबात मोजली जाते आणि कॉम्प्युटर त्या हिशेबाने पेट्रोल देतो. त्यामुळे 'लीन'चा कोड येतच नाही, नुसती आयडलिंगची रेस चढलेली राहते. म्हणजे कोड नाही, पण भेग आहे. आधी आपल्या गाडीत कोणता सेन्सर आहे ते माहीत करून घ्यावे.

फसवणारी आणखी दोन कारणे आहेत. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एग्झॉस्टच्या जोडात चीर असली तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला मिश्रण पातळ वाटते, प्रत्यक्षात ते बरोबर असते. कॉम्प्युटर मग विनाकारण पेट्रोल वाढवतो आणि मायलेज बसते. तसेच एक प्लग किंवा कॉइल मेली तर त्या सिलिंडरमधली हवा न वापरता बाहेर येते आणि सेन्सर तीच तक्रार करतो. म्हणून ट्रिम पाहण्याआधी मिसिंग आणि एग्झॉस्टची गळती संपवावी.

पेट्रोलचा दाब गेजने मोजावा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत तो ३ ते ४ बारच्या दरम्यान असतो, नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकातून घ्यावा. दाब उभ्या गाडीत बरोबर आणि रेस मारल्यावर पडत असेल तर जाळी किंवा फिल्टर बंद आहे, पंप मेलेला नाही. नुसती जाळी धुऊन किंवा बदलून काम भागत असताना पूर्ण पंप विकू नये.

पीयूसीच्या यंत्राचा उपयोग

गावात गॅस ॲनालायझर कुठे मिळणार, असे विचारतात. तो पीयूसी केंद्रावर असतोच. त्यावरचे आकडे प्रमाणपत्रापुरते न बघता निदानासाठी वाचावेत. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन दोन्ही जास्त असतील तर मिश्रण दाट. कार्बन मोनॉक्साइड अगदी नगण्य पण हायड्रोकार्बन जास्त आणि वरखाली होणारा असेल तर मिश्रण पातळ होऊन मिसिंग होते आहे, किंवा प्लग चुकतो आहे. बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांना २५०० च्या आसपासच्या रेसवर लॅम्ब्डाचा आकडाही पाहतात. तो १ च्या मागेपुढे ०.०३ असावा, १ च्या वर म्हणजे पातळ. पीयूसी केंद्रवाल्याशी बोलून, त्याला वाजवी मोबदला देऊन, दुरुस्तीच्या आधी आणि नंतर असे दोन कागद काढून घेतले तर ग्राहकाला दाखवायला पुरावा मिळतो.

गॅस किटच्या गाडीबद्दल थोडक्यात. मायलेजच्या मोहाने किट पातळ ठेवले की वॉल्व्हच्या बैठका झिजतात आणि टॅपेट घट्ट होत जातात. सीएनजीत पेट्रोलसारखा ओला थेंब नसतो, त्यामुळे बैठकीला थंडावा कमीच मिळतो. अशा गाडीची तक्रार आधी पेट्रोलवर चालवून तपासावी. पेट्रोलवरही गोता खात असेल तर दोष गाडीचा. पेट्रोलवर ठीक आणि गॅसवरच खात असेल तर रिड्यूसर, गॅस फिल्टर आणि किटचे ट्युनिंग. पेट्रोलची ट्रिम बिघडलेली असताना गॅसचे ट्युनिंग करू नये, कारण सिक्वेन्शियल किट पेट्रोलच्याच हिशेबावर आपला हिशेब बांधते.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसून गाडी लगेच ग्राहकाच्या हाती देऊ नये. कोड पुसला की बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटरने शिकलेली दीर्घकालीन ट्रिमही जाते आणि काही वेळ सगळे आकडे गोड दिसतात. गाडी थंड होऊ द्यावी, पुन्हा चालू करावी, ताहाराबादच्या पुढे चढापर्यंत नेऊन आणावी आणि मग ट्रिम पाहावी. दीर्घकालीन आकडा पाचाच्या आत स्थिर राहिला तर काम झाले.

राहिला प्रश्न मजुरीचा. दोन तास शोधून चाळीस रुपयांचा पाइप बदलला तर ग्राहक चाळीस रुपयेच द्यायला बघतो, आणि म्हणून मिस्त्रीलाही हजारोंचा भाग बदलण्याचा मोह होतो. यावर उपाय एकच दिसतो. तपासणीची मजुरी गाडी हातात घेतानाच वेगळी ठरवावी आणि बिलात वेगळ्या ओळीत लिहावी. दोष सापडो अगर न सापडो, ती घ्यावी. त्या बदल्यात बदललेला प्रत्येक जुना भाग कागदात बांधून ग्राहकाला परत द्यावा आणि दुरुस्तीआधीची व नंतरची ट्रिम बिलाच्या मागे लिहून द्यावी. ग्राहकाचा पैसा आपल्याकडे अमानत आहे असे मानणाऱ्या दुकानदाराला हे जड जाऊ नये. सुरुवातीला काही ग्राहक कुरकुर करतील, एखादा समोरच्या गॅरेजवरही जाईल. सेन्सर, कॉइल आणि पंप असे तीन भाग तिथे बदलून झाले की तोच पुन्हा येतो, तेव्हा त्याच्याकडून तपासणीची मजुरी नेहमीइतकीच घ्यावी, जास्त नाही.